चौथीतल्या मुलाला कशाशी मोजायचं?

जानेवारी संपत आला की आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा विषय बदलतो. एरवी तिथे पुण्याच्या स्वस्त तिकिटांची, हळदीकुंकवाच्या हॉलची आणि कुठल्या दुकानात ताजी मेथी आली याची चर्चा असते. या दिवसांत मात्र एकच प्रश्न फिरत असतो, "तुमच्याकडे शिफारस काय आली?"

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांसाठी आधी थोडं सांगायला हवं. जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीलाच संपते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहावीपर्यंत असते. त्यानंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. गिम्नाझियममध्ये गेलेलं मूल आबिटूर ही शालान्त परीक्षा देतं आणि थेट विद्यापीठात जाऊ शकतं. रेआलशूले आणि इतर शाळांची वाट प्रामुख्यानं व्यवसाय प्रशिक्षणाकडे जाते. नंतर वाट बदलता येत नाही असं नाही. दहावीनंतरही व्यावसायिक गिम्नाझियममधून आबिटूर करणारी पुष्कळ मुलं आहेत. पण दहा वर्षांच्या मुलाला हे कुठे माहीत असतं? त्याला एवढंच दिसतं की शेजारच्या बाकावरचा मित्र 'त्या' शाळेत चालला आणि आपण 'या' शाळेत. आपल्याकडेही चौथीची स्कॉलरशिप होती, पण त्या निकालावर पाचवीची शाळा ठरत नव्हती.

आमच्या राज्यात 2012 पासून हा निर्णय पालकांच्या हातात होता. शाळा सल्ला द्यायची आणि पालक हवं ते करायचे. आता नियम बदलला आहे. चौथीच्या मुलांची नोव्हेंबरमध्ये जर्मन आणि गणित या विषयांची 'कोम्पास 4' नावाची चाचणी होते. शिक्षकांची शिफारस, या चाचणीचा निकाल आणि पालकांची इच्छा या तिन्हींपैकी दोन जुळल्या तर गिम्नाझियमचं दार उघडतं. फक्त पालकांचीच इच्छा असेल तर मुलाला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. नोव्हेंबर 2024 मध्ये ही चाचणी पहिल्यांदा सगळीकडे झाली, तेव्हा गणितात गिम्नाझियमच्या पातळीला पोहोचलेली मुलं होती फक्त 6 टक्के. प्रश्नपत्रिका भलतीच अवघड होती, वेळ कमी होता, अशी टीका झाली आणि ती रास्तच होती. पण चुकीच्या पट्टीनं मोजलं गेलं तरी मोजलं गेलेलं मूल खरंच असतं. त्याच्या हातात 'आधारभूत पातळी' असा शेरा आला आणि तो घरी आला.

बर्लिनमध्ये तर त्याहून टोकाचं घडलं. तिथे गुणांची अट न बसलेल्या मुलांसाठी 2025 मध्ये पहिल्यांदा 'चाचणीवर्ग' ठेवला, म्हणजे एक दिवस गिम्नाझियममध्ये बसून परीक्षा द्यायची. जवळपास दोन हजार मुलं बसली आणि उत्तीर्ण झाली तीन टक्क्यांपेक्षाही कमी.

असे नियम का आले, हेही नीट पाहिलं पाहिजे. शिक्षकांच्या संघटना कित्येक वर्षं सांगत होत्या की गिम्नाझियममध्ये न झेपणारी मुलं येतात, दोन वर्षं रडतात आणि मग खालच्या शाळेत पाठवली जातात. त्यात तथ्य आहे. पालकांच्या हट्टापायी मुलाची फरफट झालेली दोन-तीन घरं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत निघतील. त्यामुळे 'चाळणी नकोच' असं मला म्हणायचं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या सगळ्यात मुलाच्या शिकण्याच्या इच्छेचं काय होतं? कारण तीच आटली तर मूल कुठल्या शाळेत गेलं याला फारसा अर्थ राहत नाही.

ती आटते आहे असं आकडे सांगतात. 2022 च्या पिसा चाचणीत जर्मन मुलांना गणितात 475, वाचनात 480 आणि विज्ञानात 492 गुण मिळाले. पिसा सुरू झाल्यापासूनची देशाची ही सर्वांत वाईट कामगिरी. वर्तमानपत्रांनी हे आकडे पहिल्या पानावर छापले. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मात्र आतल्या पानांवर राहिली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत मुलांना गणितात वाटणारा रस आणि आनंद कमी झाला होता आणि गणिताची भीती वाढली होती. पुढे 2025 च्या ऑक्टोबरमध्ये नववीच्या मुलांचा राष्ट्रीय अहवाल आला. दहावीच्या शालान्त प्रमाणपत्रासाठी गणितात जेवढं किमान यायला हवं तेवढंही सुमारे 34 टक्के मुलांना येत नव्हतं. त्यातही तेच, विषयातली गोडी कमी आणि 'मला हे जमतं' हा विश्वासही कमी.

यावर कोविड, मोबाइल, शिक्षकांची टंचाई, घरी जर्मन न बोलणारी कुटुंबं अशी कारणं दिली जातात. सगळीच थोडी थोडी खरी आहेत. (शेवटच्या कारणात आपण सगळे येतो, हे लक्षात असू द्या.) पण एका कारणाबद्दल फार कमी बोललं जातं, आणि गंमत म्हणजे त्यावरचं उत्तम संशोधन जर्मनीतच झालेलं आहे.

1970 च्या दशकात इथले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ हेकहाउझेन आणि नंतर फाल्को राइनबेर्ग यांनी एक साधा प्रश्न विचारला. शिक्षक जेव्हा 'चांगलं' किंवा 'वाईट' म्हणतात, तेव्हा ते कशाच्या तुलनेत म्हणतात? त्यांना तीन पट्ट्या सापडल्या. पहिली पट्टी वर्गाची, म्हणजे बाकीच्यांपेक्षा तू पुढे की मागे. दुसरी विषयाची, म्हणजे अपूर्णांकांची बेरीज यायला हवी, ती येते की नाही. आणि तिसरी त्या मुलाची स्वतःची, म्हणजे गेल्या महिन्यात तुझ्या दहा चुका होत्या, आज सहा आहेत.

राइनबेर्ग यांनी वर्गात जाऊन पाहिलं तर काही शिक्षक जवळजवळ फक्त पहिली पट्टी वापरत होते, आणि काही प्रामुख्यानं तिसरी. मुलांच्या हुशारीपेक्षा वर्गावर्गातला हा फरक बोलका होता. तिसरी पट्टी वापरणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात नापास होण्याची भीती कमी होती आणि मुलं स्वतःच्या प्रयत्नांना जास्त श्रेय देत होती. सगळ्यात जास्त फायदा मागे पडलेल्या मुलांना होत होता. याचं कारण समजायला मानसशास्त्र लागत नाही. वर्गाच्या पट्टीवर विसावा असलेला मुलगा खूप मेहनत करतो, पण बाकीचेही शिकतच असतात, म्हणून तो विसावाच राहतो. मेहनतीचा काही उपयोग नसतो, हा निष्कर्ष तो काढतो, आणि त्याच्या जागेवरून पाहिलं तर तो तर्कशुद्धच आहे. आळस म्हणून आपण ज्याच्यावर ओरडतो, ते पुष्कळदा असं शिकलेलं शहाणपण असतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. वर्गात कायम पहिली येणारी मुलगी काहीच न करता पहिली येत असेल, तर तीही तेच शिकते. पुढे गिम्नाझियममध्ये, जिथे सगळेच आपापल्या वर्गातले पहिले असतात, तिथे ती कोसळते. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला होस्टेलवर पाहिलं आहे. जिल्ह्यात आलेला मुलगा, पहिल्या गणिताच्या पेपरनंतर चार दिवस खोलीबाहेर न आलेला.

आता आपल्या घराकडे वळू. व्हिडिओ कॉलवर नातीला परीक्षेत '2' मिळाले हे ऐकून आजी हादरते. (इथे 1 सर्वांत चांगला आणि 6 सर्वांत वाईट, हे माझ्या आईला अजूनही पटलेलं नाही.) ते समजावून झालं की आजीचा पुढचा प्रश्न ठरलेला, "बाकीच्यांना किती?" यात आजीचा काही दोष नाही. आपण सगळे त्याच पट्टीवर वाढलो. रांगेत नंबर लागला म्हणून सीओईपी मिळालं, नंबर लागला म्हणून नोकरी मिळाली, आणि नोकरी मिळाली म्हणून आपण आज इथे आहोत. ज्या पट्टीनं आपल्याला इथवर आणलं ती वाईट कशी असेल, असं मनात येणं साहजिक आहे. पण त्या रांगेत मागे राहिलेल्यांची गोष्ट सांगायला ते या ग्रुपवर नाहीत.

दुसरी सवय बक्षिसाची. गिम्नाझियमची शिफारस आली तर सायकल, कोम्पासमध्ये वरची पातळी आली तर लेगोचा मोठा सेट. याबद्दल 1973 चा एक अमेरिकन प्रयोग सांगण्यासारखा आहे. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना रंगीत स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र देऊ. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पेन पुन्हा वर्गात ठेवले, तेव्हा ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम मजुरीचं झालं होतं. यावरून बक्षीस कधी देऊच नये असं निघत नाही. ज्या गोष्टीची मुळीच गोडी नाही, ती सुरू करायला खाऊची मदत होते. पण जिथे गोडी आहे तिथे सौदा केला तर ती मरते. गणिताची कोडी आवडणाऱ्या मुलाला कोड्यामागे एक युरो देऊ नये, एवढं मात्र नक्की.

मग शिक्षकांनी करायचं काय? उत्तर जर्मनीतच जागोजागी विखुरलेलं आहे. बायर्नमध्ये पहिली ते तिसरीत अर्धवार्षिक प्रगतिपत्रकाऐवजी 'शिकण्याच्या प्रगतीचा संवाद' घेता येतो. शिक्षिका, मूल आणि पालक एकत्र बसतात. मूल आधी स्वतःच एक तक्ता भरून आणतं, मला काय येतं, काय अजून येत नाही. बोलणं मुलाशी होतं, पालक बहुतांशी ऐकतात. शेवटी पुढच्या काही महिन्यांसाठी एक-दोन गोष्टी ठरवतात आणि सगळे सह्या करतात. म्युनिकच्या एका मित्राच्या मुलानं दुसरीत असताना लिहिलं होतं, "मी मोठ्यांदा वाचताना थांबतो, पण मनात वाचताना थांबत नाही." त्या एका वाक्यानं शिक्षिकेला जे कळलं ते कुठल्या गुणांनी कळलं असतं? भीती वाचनाची नव्हती, वर्गासमोर जर्मन उच्चारांची होती. आपल्या किती मुलांना ही भीती आहे ते विचारून पाहा.

आमच्याच राज्यात, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ व्युटओशिंगन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या आलेमानेनशूले या शाळेला 2019 मध्ये जर्मन शाळा पुरस्कारांपैकी एक मिळाला. तिथे मुलांना 'शिक्षणातले भागीदार' म्हणतात आणि शिक्षकांना 'सोबती'. प्रत्येक मुलाला स्वतःचं टेबल असतं आणि चाचणी सगळ्यांची एका दिवशी नसते. तयारी झाली की मूल स्वतः येऊन सांगतं, आता माझी घ्या. ऐकायला हे लाडावल्यासारखं वाटतं, पण नीट पाहिलं तर इथे विषयाची पट्टी तितकीच कडक आहे. अपूर्णांक यायलाच हवेत. फक्त कधी, हे थोडं मुलाच्या हातात आहे.

आणि हे फक्त श्रीमंत देशालाच परवडतं असं कुणाला वाटत असेल तर पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्याकडे पाहा. जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकांच्या पसंतीची शाळा ठरली. तिथल्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'विषयमित्र'. वेगवेगळ्या वयाची मुलं एकमेकांना शिकवतात. ज्याला जे येतं तो ते दुसऱ्याला समजावतो. वर्गाच्या रांगेत मागे असलेल्या मुलालाही कुठल्यातरी एका विषयात, कुणापेक्षा तरी जास्त येतंच, आणि ते दुसऱ्याला सांगताना त्याचं स्वतःचं पक्कं होतं. त्याच्याही आधी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या आणि चिंचोके घेऊन मुलांना स्वतःच्या गतीनं शिकू दिलं. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले. त्यातलं काही पुढे फक्त फरश्या रंगवण्यापुरतं उरलं, हेही खरं. पद्धतीची नक्कल करणं सोपं असतं, पण चाळीस मुलांतलं प्रत्येक मूल काल कुठे होतं हे लक्षात ठेवायला शिक्षकाकडे वेळ लागतो आणि त्याला इतर कामांतून मोकळीक लागते. ज्या शिक्षकाला दुपारी निवडणूक याद्या आणि पोषण आहाराचे तक्ते भरायचे आहेत, त्याला ही तिसरी पट्टी वापर म्हणणं ही चेष्टा आहे.

जर्मनीतही खरी अडचण तीच आहे. केंद्र आणि राज्यांनी मिळून ऑगस्ट 2024 पासून 'श्टार्टचान्सेन' नावाचा कार्यक्रम सुरू केला आहे. दहा वर्षांत 20 अब्ज युरो, सुमारे 4,000 शाळा, आणि गरीब व स्थलांतरित कुटुंबांची मुलं जिथे जास्त आहेत तिथे आधी. हे चांगलंच आहे. पैशांतला सुमारे 40 टक्के वाटा इमारती आणि सोयींसाठी आहे, उरलेला शाळांनी ठरवलेल्या उपक्रमांसाठी आणि समाजसेवक, सल्लागार अशा जादा माणसांसाठी. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या शाळांची स्वच्छतागृहं पाहिली की इमारतींवरचा खर्चही कळतो. पण एका हातानं शाळेला 'प्रत्येक मूल त्याच्या जागेवरून पुढे जाऊ द्या' म्हणून पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हातानं त्याच मुलाला चौथीच्या नोव्हेंबरमध्ये सगळ्या राज्याच्या रांगेत उभं करायचं, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. शिक्षिका तीन वर्षं मुलाला त्याच्या स्वतःच्या पट्टीवर मोजते आणि चौथ्या वर्षी अचानक पट्टी बदलते. ते मुलाला फसवणूक वाटलं तर नवल नाही.

म्हणूनच चांगल्या शिक्षिका विषयाची पट्टी पहिलीपासून लपवत नाहीत. फक्त 'छान प्रगती' म्हणत राहिलं आणि चौथीत समजलं की मूल दोन इयत्ता मागे आहे, तर त्याला प्रोत्साहन म्हणत नाहीत. आमच्याकडच्या एका शिक्षिकेनं पालकसभेत दोन तक्ते दाखवले होते, एकावर मुलाचा प्रवास, दुसऱ्यावर चौथीअखेर काय यायला हवं. बाकीच्या मुलांचा तक्ता तिनं दाखवला नाही, आणि एका वडिलांनी मागितला तरीही दिला नाही. ते वडील आपल्यापैकीच होते, हे सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट खास आपल्या मुलांची. इथे वर्गातल्या तोंडी सहभागाला गुण असतात, आणि गिम्नाझियममध्ये काही विषयांत ते जवळजवळ निम्मे भरतात. हात वर करणं, चुकीचं असलं तरी बोलणं, शिक्षिकेला 'मला हे पटलं नाही' म्हणणं. आपल्या घरात मोठ्यांसमोर गप्प बसणं हा संस्कार असतो. म्हणून लेखी परीक्षेत 1 मिळवणाऱ्या मुलीला प्रगतिपत्रकात 3 येतो आणि आईवडील म्हणतात, भेदभाव झाला. भेदभाव होतो, नाकारायचं कारण नाही. प्राथमिक शाळांच्या वाचनचाचणीच्या 2021 च्या अहवालानुसार वाचनाची आणि विचार करण्याची क्षमता सारखी असली तरी वरच्या स्तरातल्या घरातल्या मुलाला शिक्षकांकडून गिम्नाझियमची पसंती मिळण्याची शक्यता कामगाराच्या मुलापेक्षा सुमारे अडीचपट असते. पण तोंडी गुणांच्या बाबतीत पुष्कळदा साधी गोष्ट असते. मुलगी बोलतच नाही, आणि तिला बोलायला हवं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. शिक्षिकेला जाऊन विचारा, "गेल्या महिन्यात तिनं किती वेळा हात वर केला?" आठवड्यातून एकदाचा दोनदा झाला की तेही घरी साजरं करा.

येत्या पालकभेटीला जाल तेव्हा दहा मिनिटंच मिळतील आणि त्यातली तीन 'वर्गात कितवा' यात जातील, तर जाऊ देऊ नका. त्याऐवजी तीन प्रश्न न्या. सप्टेंबरमध्ये याला काय येत नव्हतं जे आता येतं? चौथीअखेर जे यायला हवं त्यातलं काय राहिलं आहे? आणि पुढच्या सहा आठवड्यांत एकच गोष्ट करायची तर कुठली? जमलं तर मुलालाही सोबत घेऊन जा. आणि घरी आल्यावर आजीचा फोन येईल, तेव्हा फोन मुलाच्या हातात द्या, तोच सांगेल काय नवीन आलं ते.